नावं सुरू झाली की ट्रे आत, मध्यंतराला बाहेर

विचारा, सांगते : वाचकांच्या स्वयंपाकघरातल्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : ताई, आम्ही दोघं मूळचे कोल्हापूरचे, आता एडिसनला (न्यू जर्सी) असतो. इथे शेजारी नाताळच्या सकाळी अंडी, पाव आणि चीजचा मोठा ट्रे ओव्हनमध्ये लावतात. सगळं घर रात्रीच्या कपड्यांतच सोफ्यावर बसून लहानपणीचा आवडता सिनेमा बघत ते कॅसरोल खातं. आमची मुलं अकरा आणि आठ वर्षांची आहेत, त्यांना आपल्याकडेही असं हवंय. सिनेमा नवऱ्याने ठरवून टाकलाय, 'झपाटलेला'. आता तात्या विंचूबरोबर शोभेल असं न्याहारीला काय करू? सासूबाई इथे आल्या आहेत, त्या अंडं खात नाहीत. आणि आठ वर्षांची मुलगी घाबरेल का, हीही धाकधूक आहे.

उत्तर : सिनेमा छान निवडलाय. आता खाण्याचं बघू. सिनेमात काय खातात किंवा त्याच्या गोष्टीला कोणती चव शोभेल, याचा विचार सोडून द्या. मी एकच गोष्ट बघते : जिने रांधलंय ती पहिल्या दृश्यापासून सगळ्यांबरोबर सोफ्यावर बसली आहे का? आपल्या घरांत सिनेमा लागला की एक बाई हमखास ओट्यापाशी असते. घावन, डोसे, थालीपीठ सगळं गरम गरम हवं, म्हणून ती एकेक करत वाढत राहते आणि सिनेमा तिला नुसता ऐकू येतो. मला हे अजिबात मान्य नाही. तुमच्या लहानपणीचा सिनेमा तुमच्या मुलांनी तुमच्या शेजारी बसून बघायला हवा. तुम्ही कुठे हसता, कुठल्या वाक्याला आधीच ओठ हलवता, हे त्यांना दिसायला हवं.

अमेरिकेतल्या घरांत नाताळला हा ट्रे का लागतो, तेही याच कारणाने. सकाळी मुलं झाडाखालच्या भेटी उघडत असतात आणि आईला ते बघायचं असतं. म्हणून सगळं आदल्या रात्री रचून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळी फक्त ओव्हनमध्ये सरकवायचं. मुलीच्या बाळंतपणाला मी तिकडे होते, तेव्हा तिच्या शेजारणीने असा ट्रे आणून दिला होता. शिळा पाव, अंडी, दूध, सॉसेजचे तुकडे आणि वर चीजचा तांबूस पापुद्रा. ट्रेच्या चार कोपऱ्यांत तो पापुद्रा कुरकुरीत होऊन भांड्याला चिकटतो. नंतर ज्यांच्या ज्यांच्या घरी हा ट्रे पाहिला, तिथे कोपऱ्याच्या तुकड्यावरून मुलांची भांडणं झालेली पाहिली. मुलं दोन आणि कोपरे चार, तुमच्याकडे तो प्रश्न यायचा नाही.

आता वेळेचा हिशेब. आपला जुना मराठी सिनेमा दोन-अडीच तासांचा असतो आणि मध्यंतर साधारण सव्वा तासावर येतं. पाव-अंड्याचा थंडगार ट्रे भाजायला पंचावन्न मिनिटं ते एक तास लागतो आणि बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं निवावा लागतो. म्हणजे पडद्यावर नावं सुरू झाली की ट्रे आत आणि मध्यंतराला तुकडे ताटलीत. सिनेमा लावायच्या वीस मिनिटं आधी ओव्हन ३५० फॅरनहाइटवर सुरू करून ठेवा. मध्ये एकदा उठावं लागेल, वरची फॉइल काढायला. त्यासाठी मोबाईलवर गजर लावा आणि फॉइल नवऱ्याला काढू द्या, वाफ तोंडावर येते.

कोल्हापूरची माणसं आहात, तर कांदा-लसूण मसाला घरात असेलच. तो या ट्रेला फार छान लागतो. नऊ बाय तेरा इंचाच्या ट्रेला साधारण साडेचारशे ग्रॅम शिळा पाव घ्या. लादीपाव असतील तर अकरा-बारा होतील. ओक ट्री रोडवर आपल्या दुकानांत ते मिळतात, नाही मिळाले तर तिकडचे बटाट्याचे मऊ बन चालतात. पाव एक दिवस उघडे ठेवून कोरडे होऊ द्या. ताजा पाव दूध पिऊन लगदा होतो, कोरडा पाव तेच दूध-अंडं शोषूनही आपला आकार धरून राहतो, सगळी मेख इथे आहे. पावाचे इंचभराचे तुकडे करा.

कढईत दोन चमचे तेलात दोन मोठे कांदे गुलाबी परता, एक ढोबळी मिरची घाला आणि ढोबळीचं पाणी पूर्ण आटू द्या. मग दोन लहान चमचे कांदा-लसूण मसाला आणि उकडलेल्या दोन बटाट्यांच्या फोडी घालून गॅस बंद करा. कच्ची भाजी ट्रेमध्ये घालू नका. ढोबळी, मशरूम, पालक, टोमॅटो ओव्हनमध्ये पाणी सोडतात आणि तळाशी सगळं ओलं-ओलं राहतं. आठ अंडी तीन कप दुधात फेटून घ्या, पाऊण चमचा मीठ, मिरपूड आणि भरपूर कोथिंबीर घाला. मीठ जपून घाला, चीजमध्ये आणि मसाल्यात ते असतंच. ट्रेला लोणी लावून पावाचा थर, त्यावर भाजी, त्यावर किसलेलं चीज (एकूण दोन कप), पुन्हा तसेच थर. वरून अंड्याचं दूध सगळीकडे ओता आणि हाताने हलकेच दाबा, म्हणजे वरचे पावही भिजतील. फॉइल लावून रात्रभर फ्रिजमध्ये.

सकाळी ट्रे बाहेर काढायचा तो भाजण्याआधी अर्धा तास. काचेचा ट्रे असेल तर हे कटाक्षाने पाळा. फ्रिजमधली काच तापलेल्या ओव्हनमध्ये गेली की तडकू शकते. धातूचा असेल तर ही काळजी नाही. पहिला अर्धा तास फॉइलखाली भाजायचं, मग उघडं करून पंचवीस-तीस मिनिटं, वर तांबूस रंग येईपर्यंत. मधोमध सुरी खुपसून बघा, ओलं दूध लागलं नाही की झालं. घरात तापमापक असेल तर मधोमध १६० फॅरनहाइट दिसायला हवं.

सासूबाईंचा ट्रे वेगळा करा, आणि तो उरल्यासुरल्याचा नको, त्यांनाही बघता क्षणी हवासा वाटेल असा असू दे. आठ इंचाच्या चौकोनी ट्रेला दोन कप जाडसर रवा दीड कप दह्यात कालवून रात्री फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी त्यात किसलेला दुधी एक कप, थोडं गाजर, मूठभर मक्याचे दाणे, आलं-मिरचीचा ठेचा, हळद, चमचाभर मीठ, चिमूट साखर आणि दोन मोठे चमचे तेल घाला. रवा रात्रभर फुगून घट्ट झालेला असेल, लागेल तसं पाणी घालून इडलीच्या पिठाएवढं सैल करा. ओव्हन तापला की अगदी शेवटी दीड चमचा इनो घालून एकदाच ढवळा आणि लगेच ट्रेमध्ये ओता. वर मोहरी, तीळ, कढीपत्त्याची फोडणी. हाही ३५० वरच भाजायचा, चाळीस मिनिटं. गुजराती घरांतल्या हांडव्याचा हा झटपट भाऊ म्हणा. ओव्हनमध्ये सासूबाईंचा ट्रे वरच्या जाळीवर ठेवा, अंड्याचा खालच्या, म्हणजे वरून त्यात काही पडणार नाही. तो पंधरा-वीस मिनिटं आधी होईल. फॉइल काढायला जो उठेल, त्याने दहा मिनिटांनी पुन्हा उठून तो बाहेर काढावा. कापायची सुरी आणि उलथनं वेगळं ठेवा. हे त्यांना सांगायची गरज पडू नये, त्यांनी नुसतं बघावं.

आणखी एक : अशा वेळी रस्सा, सांबार, मिसळ काही नको. ओलं खाणं नजर मागतं, माणूस ताटलीत बघतो आणि पडद्यावरचं हुकतं. हे तुकडे घट्ट कापले जातात आणि न बघता हातात धरून खाता येतात. सोबत केचपऐवजी दाण्याची चटणी दह्यात कालवून द्या.

आता मुलीच्या भीतीबद्दल. 'झपाटलेला' १९९३ सालचा, महेश कोठारे यांचा. तात्या विंचू या मरणाऱ्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि तो बाहुला लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याच्या हाती येतो. हसू भरपूर आहे, पण बाहुला डोळे फिरवतो आणि जीवही घेतो, तेव्हा आठ वर्षांचं मूल घाबरणारच. आमच्या सांगलीत आम्ही थेटरात तो पाहिला, तेव्हा माझा धाकटा सात वर्षांचा होता. घरी आल्यावर त्याने बहिणीची कापडी बाहुली उचलून माजघरात ठेवली आणि खोलीची कडी आतून लावून घेतली. मग उशीखाली विजेरी. पण दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या पोरांना गोष्ट सांगत होता, तेव्हा चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी कधी विसरणार नाही. त्यामुळे दाखवा, बिनधास्त दाखवा. सकाळी दाखवताय हे तर उत्तमच. खिडकीतून ऊन येतंय, घरात कांदा-चीजचा वास सुटलाय, आजी शेजारी आहे, तिथे तात्या विंचूची मात्रा बेताचीच चालते. रात्री हाच सिनेमा लावलात तर मुलीला तुमच्या खोलीत झोपवावं लागेल.

सुरू करायच्या आधी तिला एक सांगा : हा बाहुला रामदास पाध्ये या शब्दभ्रमकारांनी घडवला. त्यांचे वडीलही बोलक्या बाहुल्यांचे खेळ करायचे आणि त्यांचा अर्धवटराव नावाचा बाहुला आपल्याकडे घरोघरी माहीत होता. बाहुल्याच्या मागे एक माणूस आहे, त्याची बोटं ती मान फिरवताहेत, हे कळलं की मूल भीतीच्या जागी हात शोधायला लागतं. एका मोज्याला दोन बटणं शिवून तिच्या हातात घालून द्या. मध्यंतरात तुकडे निवत असतील, तेव्हा दोन्ही मुलांना विचारा, पुढे काय होईल? मराठी कुठे अडलं तेही तेव्हाच सांगा, मध्येमध्ये सिनेमा थांबवू नका. बेर्डे यांच्या चेहऱ्याला भाषांतर लागत नाही, मुलं आधी त्या चेहऱ्याला हसतील आणि शब्द मागून येतील. ते २००४ साली गेले, तेव्हा तुमच्या पिढीतली कितीतरी माणसं घरातलं कुणी गेल्यासारखी रडली होती. मुलांना हेही सांगा.

*

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सत्तरी ओलांडलेला निवृत्त शिक्षक, चिपळूणजवळ राहतो. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईची नातवंडं येतात. त्यांना यंदा 'श्यामची आई' दाखवायचा आहे. मी तो शाळकरी वयात तंबूत पाहिला. पण कृष्णधवल सिनेमा म्हटला की मुलं उठून जातात. खायला काही चांगलं असेल तर बसतील असं सौ.चं म्हणणं. घरी ओव्हन नाही, गॅस आणि परसात चूल आहे.

उत्तर : काका, वहिनींचं म्हणणं अगदी बरोबर आहे. आणि ओव्हन नाही याची खंत नको, ट्रेमध्ये भाजलेली न्याहारी कोकणात फार जुनी आहे. तवसळी करा. कुणी तिला धोंडस म्हणतं. पातेल्याखाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे, असं वरखाली भाजलेलं तवसाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, ते गोड खाणं तुम्ही लहानपणी खाल्लंच असेल. श्यामचं गाव दापोलीजवळचं, त्याच मातीतलं हे खाणं, म्हणून इथे मला चवीचाही मेळ साधावासा वाटतो. शिवाय दिवाळीच्या सुमाराला वेलीवरची जून, पिवळी पडलेली तवसं तुमच्याकडे असतातच.

तवसं सोलून, बिया काढून किसा. किस दोन कप हवा, त्याचं पाणी मुळीच टाकू नका. दीड कप तांदळाचा रवा थोड्या तुपावर वास सुटेपर्यंत भाजा. पातेल्यात किस पाण्यासकट, एक कप चिरलेला गूळ, चिमूट मीठ आणि थोडी हळद उकळायला ठेवा. गूळ विरघळला की अर्धा कप ओलं खोबरं आणि रवा घालून ढवळा, गोळा जमायला लागला की वेलची घाला. फार घट्ट वाटलं तर नारळाचं दूध घाला. तूप लावलेल्या जाड बुडाच्या पातेल्यात थापा, वर काजूचे तुकडे. गॅसवर आधी तवा, तव्यावर पातेलं, वर घट्ट झाकण आणि मंद आंच, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. चूल पेटवणार असाल तर झाकणावर निखारे ठेवा, वरूनही ती लालसर होईल आणि कडेला जी खरपूस साय धरते ती गॅसवर तितकी येत नाही. हे सगळं आदल्या संध्याकाळी करा. तवसळी गार झाल्यावरच नीट कापली जाते, आणि दुसऱ्या दिवशी जास्त छान लागते. सकाळी वहिनींनी फक्त लोण्याचा गोळा बाहेर काढायचा आणि तुमच्या शेजारी येऊन बसायचं.

किसायचं काम नातवंडांना द्या. ज्या खाण्याला हात लागलाय, ते खायला मूल थांबतं, हे तुम्हाला शिक्षक म्हणून मी सांगायला नको.

सिनेमा मात्र एका बैठकीत दाखवू नका. साने गुरुजींनी ती गोष्ट एकेका रात्रीची म्हणून सांगितली, आचार्य अत्र्यांनी १९५३ साली सिनेमा केला तोही प्रसंगाप्रसंगांनी पुढे जातो. दोन सकाळी करा, प्रत्येक सकाळी तवसळीचा एकेक तुकडा. मध्ये दिवसभर त्यांना प्रश्न पडू द्या. सुरुवातीला एवढंच सांगा की राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी सिनेमाला मिळालं. मुलांना 'पहिला' या शब्दाचं अप्रूप असतं. आणि रडू आलं तर तुम्ही लपवू नका. आजोबा रडतात ते नातवंडांनी पाहिलेलं बरं.

*

प्रश्न : आम्ही चार मुलं पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. रविवारी सकाळी 'अशी ही बनवाबनवी' लावायचा आणि बाहेरून काही न मागवता घरीच करून खायचं असं ठरलंय. एक गॅस, एक झाकणाचं नॉनस्टिक पॅन, एक तवा. बाकी काही नाही. जमेल का?

उत्तर : मुलांनो, चार मित्र, पुण्यात भाड्याचं घर आणि तो सिनेमा, याहून चांगला मेळ मलाही सुचला नसता. सचिन पिळगावकर यांचा हा सिनेमा १९८८ चा, म्हणजे तुमच्या जन्माआधीचा, तरी तुम्हाला पाठ असणार. नक्की जमेल.

वर एडिसनच्या ताईंना सांगितलंय तेच निम्म्याने करा : सहा शिळे पाव, चार अंडी, दीड कप दूध, कपभर किसलेलं चीज, एक कांदा आणि असेल ती भाजी परतून. मसाला जो घरून आईने बांधून दिला असेल तो. रात्री एखाद्या डब्यात भिजवून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर रात्री भिजवूच नका, अंडं-दूध बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहता कामा नये. मग सकाळी उठल्याउठल्या भिजवा, अर्धा तास पुरे.

पॅनला तेल-लोणी लावून सगळं ओता, वर चीज, झाकण घट्ट. पॅन थेट आंचेवर नको. आधी तवा तापवा, मग त्यावर पॅन, आंच बारीक. पंचवीस मिनिटांत मधला भाग थरथरायचा थांबतो. वर रंग हवा असेल तर पॅनवर ताटली उपडी धरून पलटा आणि पुन्हा पॅनमध्ये सरकवून पाच मिनिटं भाजा. पलटताना जड वाटलं तर आधी चार तुकडे करा आणि एकेक पलटा. ओव्हनसारखं हे विसरून बसता येत नाही, म्हणून हे सिनेमा सुरू व्हायच्या आधी करा आणि पॅन झाकून मधे टेबलावर आणून ठेवा. अर्धा तास सहज गरम राहतं.

उरलं तर फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं. सोमवारी कॉलेजला किंवा कामाला निघताना तुकडा तव्यावर थोड्या लोण्यात दोन्ही बाजूंनी शेकून घ्या.